थोडक्या जागेतले वळण

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला यंदा विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा मी वेतन, बोनस किंवा कायदा यांपैकी काहीतरी सांगेन अशी असावी. मी ‘ट्रॅक्टरचा पुढचा आस’ असे म्हटल्यावर एक गृहस्थ हसले. पण ज्या माणसाचे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि कारखान्यांच्या दारांत गेले, त्याला असा अनुभव येतो की कायद्याच्या पुस्तकापेक्षा एखाद्या लोखंडी दांड्याच्या लांबीवर माणसाचे हातपाय अधिक अवलंबून असतात. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. भूमिती मी पुढे जुन्या बाजारातून आणलेल्या पुस्तकावर, खडूने फरशीवर आकृत्या काढून शिकलो. तेव्हा आज जे गणित येईल ते फरशीवरचेच असेल. श्रोत्यांनी भिण्याचे कारण नाही.

आपल्या नगर जिल्ह्यात (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, जिभेवर अजून नगरच) पुढे बकेट लावलेला ट्रॅक्टर आज सगळीकडे दिसतो. राहाता, संगमनेर, राहुरीकडच्या मोठ्या गोठ्यांत तो शेण ओढतो, मुरघास काढतो. खताच्या गोदामात, कांद्याच्या खळ्यावर, वाळूखडीच्या डेपोत तो असतो. साखर कारखान्याच्या आवारात मळी, राख, बगॅस हलवायला तो लागतो. असा ट्रॅक्टर विकणारा माणूस आला की त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असते, ‘दादा, जागच्या जागी वळतो!’ हे वाक्य कितपत खरे, त्यात फायदा कोणाचा आणि त्याची किंमत कोण देतो, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम वळणे म्हणजे काय ते पाहू. माझ्या लहानपणी कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागे. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने उभ्या केलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. तेव्हापासून गाडीतळ हे आपल्या जिल्ह्याचे एक खास दृश्य झाले. दोन चाकांची गाडी वळवायची तर गाडीवान आतल्या बैलाचा कासरा ओढी. आतला बैल जवळजवळ उभा राही, बाहेरचा फेर घेई आणि आतले चाक जागेवर ठेवून गाडी त्याच्याभोवती फिरे. गाडीला पुढचा आस नसल्यामुळे अडचणही नव्हती. थोडक्या जागेत वळण्यात बैलगाडीचा हात धरणारे वाहन अजून निघायचे आहे असे मला कधी कधी वाटते.

चार चाके आली आणि प्रश्न सुरू झाला. जुन्या चारचाकी घोडागाडीत पुढचा सबंध आस मधल्या खिळीवर फिरे. अशी गाडी वळे छान, पण आस पुरता आडवा झाला की गाडीचा पुढचा आधार अरुंद होई आणि गाडी कलंडे. त्यावर म्यूनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या गाडीकाराने तोड काढली. आस जागेवर पक्का ठेवायचा आणि त्याच्या दोन टोकांना चाके वेगवेगळी मुरडायची. त्याच्या वतीने लंडनमध्ये १८१८ साली पेटंट घेतले ते अकरमन नावाच्या गृहस्थाने. डोके एकाचे आणि नाव दुसऱ्याचे! आजही सगळे जग या रचनेला अकरमनचीच रचना म्हणते. कामगार चळवळीतल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. या रचनेतली खुबी अशी की वळताना आतले चाक लहान वर्तुळावर चालते आणि बाहेरचे मोठ्या, म्हणून आतले चाक थोडे अधिक मुरडावे लागते. दोन्ही सारखीच मुरडली तर एक चाक घसटत जाते आणि टायर खाल्ले जाते.

नगरकरांना तिसराही प्रकार ठाऊक आहे. इथल्या रणगाड्यांच्या संग्रहालयात ज्यांनी मुले नेली असतील त्यांनी पाहिले असेल की रणगाड्याला मुरडणारे चाकच नसते. एका अंगाचा पट्टा अडवायचा, दुसरा चालवायचा, की धूड फिरते. पण त्यापायी जमीन नांगरल्यासारखी उकरली जाते. हे तत्त्व वापरणारे लहान लोडरही आता मिळतात. गोठ्याच्या काँक्रीटवर त्यांची चाके किती झिजतात ते मालकाला विचारावे.

आता ट्रॅक्टरकडे येऊ. आपल्या देशात १९६० नंतरच्या दशकात ट्रॅक्टर बनू लागले ते ओढण्यासाठी. नांगर मागे, ट्रॉली मागे, जोर मागच्या मोठ्या चाकांवर. पुढची दोन लहान चाके केवळ दिशा दाखवायला. पुढचा आस मधोमध एका खिळीवर डुलता ठेवलेला असतो, म्हणजे एक चाक ढेकळावर चढले तरी ट्रॅक्टर वाकडा होत नाही. नांगरटीला ही रचना उत्तम. पुढे आपण त्याच ट्रॅक्टरच्या नाकावर लोखंडी हात बसवले आणि त्याला वजन उचलायला लावले. दिशा दाखवणाऱ्याला हमाल केले, असे म्हणा ना.

त्या हमालावर किती ओझे पडते ते पाहा. समजा पुढच्या आणि मागच्या आसांत २ मीटर अंतर आहे. बकेटमध्ये ५०० किलो माल आहे आणि त्याचा भार पुढच्या आसाच्या दीड मीटर पुढे पडतो. पुढच्या आसावर ५०० किलो येतील असे आपण म्हणू. पण तसे होत नाही. तरफेच्या नियमाने पुढच्या आसावर ८७५ किलो येतात आणि मागच्या आसावरचे ३७५ किलो कमी होतात. लहान मुले फळीवर सीसॉ खेळतात तोच हा हिशोब. यातून दोन गोष्टी होतात. पुढच्या किंगपिना, बुश, बेअरिंगे यांच्यावर मूळ आखणीत नसलेला भार येतो. आणि मागची चाके हलकी होतात. आपल्याकडच्या सर्वसाधारण ट्रॅक्टरचे ब्रेक असतात फक्त मागच्या चाकांना! म्हणजे ज्या वेळी ओझे सर्वांत अधिक त्याच वेळी ब्रेकची पकड सर्वांत कमी. म्हणून मागे वजन लावायचे असते. मागच्या आसाच्या १ मीटर मागे ४०० किलोचा ठोकळा टांगला तर मागच्या आसावर ६०० किलोची भर पडते आणि पुढच्या आसावरचे २०० किलो उतरतात. इतका स्वस्त उपाय, पण मी पाहिलेल्या ट्रॅक्टरांपैकी कितीकांना तो ठोकळा नव्हता. ‘ठोकळा लावला की वळायला जागा जास्त लागते,’ असे एका मालकाने मला सांगितले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पाहा, जागेचा प्रश्न कुठून कुठे येतो ते.

चाके जितकी जास्त मुरडतील तितके वळण आखूड, हे उघड आहे. पण किती आखूड? पुढच्या दोन चाकांऐवजी मधोमध एकच चाक आहे अशी कल्पना करू, म्हणजे हिशोब सोपा होतो. आसांतले अंतर तेच २ मीटर. चाक ३५ अंश मुरडले तर ते ३.४९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरते. ४५ अंश मुरडले तर २.८३. ५५ अंशांना २.४४ आणि ६० अंशांना २.३१. पहिल्या दहा अंशांनी ६६ सेंटिमीटर वाचवले, पुढच्या दहांनी ३९, आणि शेवटच्या पाच अंशांनी १३. विक्रेता शेवटच्या पाच अंशांची किंमत सर्वांत अधिक लावतो, कारण ते मिळवायला सर्वांत अवघड असतात.

अवघड का? साध्या, मागच्या दोन चाकांनी चालणाऱ्या ट्रॅक्टरात चाक कुठवर मुरडावे याला आडकाठी असते ती टायर कशाला घासते याचीच. लोडर बसवला की त्याची चौकट नेमकी तिथेच येते आणि पुष्कळदा चाकाच्या मुरडण्याला आडवा बोल्ट घालून ते कमी करावे लागते. म्हणजे पुस्तकातले वळण लोडरशिवायचे आणि तुमच्या दारातले लोडरसहित. चारही चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरात आणखी एक अडचण असते. पुढच्या चाकाला फिरवायचेही आणि मुरडायचेही. फिरता दांडा वाकवायचा तर त्यात सांधा लागतो, आणि सांध्याला एका मर्यादेपलीकडे वाकवले की तो झटके देतो, तापतो, झिजतो.

यातून सुटण्याच्या वाटा निरनिराळ्या कारखानदारांनी शोधल्या आहेत आणि त्या खरोखर बुद्धीच्या आहेत. जपानच्या कुबोटा कंपनीने सांधाच काढून टाकला. आसातून आलेला फिरता दांडा किंगपिनमधून उभा खाली जातो, दोन्ही वळणांवर तिरप्या दातांची चक्रे असतात आणि चाक त्या उभ्या दांड्याभोवती हवे तितके मुरडते. त्याच कंपनीने पुढे अशी युक्ती केली की चाके एका अंशापलीकडे मुरडली की पुढची चाके आपोआप जवळजवळ दुप्पट वेगाने फिरू लागतात आणि ट्रॅक्टरचे नाक ओढून आत आणतात. न्यू हॉलंडने तिसरीच वाट धरली. त्यांच्या एका रचनेत चाकेही मुरडतात आणि सबंध आसही मधल्या खिळीवर थोडा फिरतो. लँकेन्स्पर्गरने जी घोडागाडी टाकून दिली होती तीच पुन्हा, पण मर्यादेत! शेताच्या बांधाशी वळायला ही रचना फार चांगली. परंतु फिरणाऱ्या आसाला फिरायला मोकळी जागा लागते आणि लोडरच्या चौकटीलाही तीच जागा हवी असते. दोघांचे भांडण मिटवताना वळणाचे काही अंश सोडावे लागतात.

हे सगळे दुरुस्तीला कसे? साध्या आसाची किंगपिन आणि बुश गावचा मिस्त्री दोन तासांत बदलतो. उभ्या दांड्याच्या पेटीतले तेलाचे सील गेले, त्यात शेणाचे पाणी शिरले, चक्रांचे दात गेले, तर ते काम त्याच्या हाताबाहेरचे असते. हंगामात ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला तर चालकाचे आठ दिवसांचे काय, हा माझा नेहमीचा प्रश्न. शिवाय चार चाकांचा जोर लावूनच काँक्रीटवर आखूड वळणे घेत राहिले तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या अंतरांवर चालतात, एकमेकांना ओढतात आणि तो ताण टायरांवर आणि दातांवर निघतो. कठीण जमिनीवर पुढचा जोर काढून ठेवावा हे चालकाला कोणीतरी सांगितलेच पाहिजे. उभ्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग जागेवर गरागरा फिरवण्याची सवय तर सगळीकडे आहे. पूर्वी ते शक्यच नव्हते, खांदे निखळले असते. आता तेलाच्या दाबाचे स्टिअरिंग एका बोटाने फिरते, म्हणून खाली किंगपिन आणि टायर काय सोसतात ते कळत नाही.

फायद्याची बाजू मी लपवणार नाही. एका गोठ्यात मी चालकाशेजारी उभा राहून मोजले. जुन्या ट्रॅक्टरने शेणाची एक बकेट भरून बाहेरच्या ट्रॉलीत टाकून परत यायला त्याला मागे-पुढे मिळून सात वेळा गिअर बदलावा लागला. सात वेळा क्लच. दिवसाकाठी अशा साठ-सत्तर फेऱ्या. चाळिशीतच गुडघे धरलेले ट्रॅक्टरचालक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्याच गोठ्यात पुढे आखूड वळणाचा ट्रॅक्टर आला तेव्हा सातांचे तीन झाले. मागे घेण्याच्या वेळा कमी झाल्या, म्हणजे न पाहता मागे जाण्याचा धोकाही कमी झाला. चालक खूष होता आणि त्याचे खूष होणे योग्य होते. यंत्र कामगाराचा शत्रू आहे असे मी मानत नाही. पाठीवर शंभर किलोचे पोते वाहून कोणाचे कल्याण झालेले मी पाहिलेले नाही. हमालांना हक्क देणारा माथाडी कायदा महाराष्ट्रात १९६९ साली झाला. त्यामागे किती पाठी मोडल्या होत्या ते जुन्या माणसांना ठाऊक आहे.

आखूड वळणाचा आणखी एक जुना मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे, तो ब्रेकचा. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात. वळताना आतल्या चाकाचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर बैलगाडीसारखा त्या चाकाभोवती फिरतो. जाहिरातीतला वळणाचा आकडा बहुतेक वेळा असा ब्रेक दाबूनच घेतलेला असतो. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालांत ब्रेकसह आणि ब्रेकविना असे दोन्ही आकडे दिलेले असतात. चाकाने काढलेल्या वर्तुळाचा व्यास वेगळा आणि ट्रॅक्टरच्या सर्वांत बाहेरच्या भागाला लागणाऱ्या जागेचा व्यास वेगळा, असेही त्यात असते. घेणाऱ्याने तो अहवाल मागावा. शेतात ब्रेकचे वळण ठीक आहे. पण रस्त्यावर दोन्ही पेडल एकत्र अडकवलेच पाहिजेत, नाहीतर वेगात एकच दाबले गेले की ट्रॅक्टर उताणा. आणि लोडर भरलेला असताना मागची चाके हलकी असतात, तेव्हा हा ब्रेकचा उपाय ऐन वेळी दगा देतो.

उताणा होण्याचे निघालेच आहे तर तेही सांगतो. पुढचा आस मधल्या खिळीवर डुलता असल्यामुळे ट्रॅक्टर चार पायांवर उभा नसतो, तीन पायांवर असतो: दोन मागची चाके आणि पुढची खीळ. बकेट भरली की भार पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या टोकाकडे जातो. बकेट वर उचलली की तो उंच जातो. टोकाशी त्रिकोण अरुंद असतो. अशा वेळी वळणात बाहेर फेकणारा जोर आला तर तोल जायला वेळ लागत नाही. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि वळण जितके आखूड तितका अधिक होतो. मघाच्या आपल्या ट्रॅक्टरचे चाक ३५ अंश मुरडले असताना मागचा आस केंद्रापासून २.८६ मीटरवर फिरतो, ५५ अंशांना १.४० मीटरवर. त्रिज्या निम्मी झाली, म्हणजे त्याच वेगाला जोर दुप्पट. ताशी १० किलोमीटरने पहिल्या वळणात हा जोर वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक येतो, दुसऱ्यात निम्म्याहून अधिक. मऊ मातीत पुढची चाके घसरतात आणि तोच सुटकेचा मार्ग ठरतो. काँक्रीटवर ती घसरत नाहीत. म्हणून बकेट जमिनीपासून हातभर, त्याहून वर नाही, आणि वळणात चालण्याचा वेग. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट असते. ती सावलीसाठी आहे असे समजून काढून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. चौकट असेल तर पट्टाही लावायचा. नाहीतर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी या विषयाकडे वळलो ती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका खताच्या गोदामात नवा ट्रॅक्टर आला. गोदाम कोणते ते सांगण्याचे प्रयोजन नाही. थप्प्यांमधल्या वाटा अगोदर रुंद होत्या. नवा ट्रॅक्टर आखूड वळतो म्हणून मालकाने थप्प्या पुढे सरकवल्या, जादा माल बसवला. तिसऱ्या आठवड्यात एक हमाल बकेट आणि थप्पी यांच्यामध्ये सापडला. तो वाचला, पण मांडीचे हाड मोडले. मालकाने त्याच दिवशी चालकाला काढले. चालक सांगत होता, ‘साहेब, मी पहिल्या गिअरमध्येच होतो. जुना ट्रॅक्टर ज्या वेगाने चालवायचो त्याच वेगाने होतो.’ मला वाटले, माणूस घाबरून बोलतो आहे. जखमी हमालही म्हणाला, ‘मी रोज उभा राहतो तिथंच उभा होतो.’ दोघेही खरे बोलत असतील तर मोडलेले हाड कोणाचे पाप?

मी टेप आणि खडू घेऊन गेलो. फरशीवर ट्रॅक्टर आखला, मागच्या आसाची रेघ लांबवली, वळणाचे केंद्र काढले. रात्री घरी बसून आकडे घातले. ते गणित तुम्हीही करून पाहा, आकडे आपल्या मघाच्याच ट्रॅक्टरचे घ्या. बकेटची कड पुढच्या आसाच्या २ मीटर पुढे, म्हणजे मागच्या आसापासून ४ मीटरवर. बकेटची रुंदी १.८ मीटर. चाके ३५ अंश मुरडून ट्रॅक्टर निघाला तर बकेटचा आतला कोपरा मागच्या आसाच्या वेगाच्या दीडपटीहून थोड्या अधिक वेगाने फिरतो. चाके ५५ अंश मुरडून निघाला तर तोच कोपरा जवळजवळ तिप्पट वेगाने फिरतो! चालकाच्या पायाखालचा वेग तोच आहे, गिअर तोच आहे, बसल्या जागेवरून त्याला काहीच बदल जाणवत नाही. चार मीटर पुढे असलेले लोखंड मात्र दुप्पट वेगाने आडवे झाडत जाते. आणि ते पुढे फारसे जातच नाही. मोठ्या वळणात कोपरा पुढेही जातो, आडवाही. आखूड वळणात तो जवळजवळ काटकोनात आडवाच जातो. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने निघाला आणि आतल्या अंगाला दीड मीटरवर माणूस उभा असला, तर जुन्या ट्रॅक्टरने त्याला सव्वा सेकंद मिळत होता. नव्याने मिळतो एका सेकंदाचा सहा-सात दशांश. सव्वा सेकंदात सावध माणूस एक पाऊल मागे टाकतो. तेवढ्यात नाही टाकता येत.

दोघेही खरे बोलत होते. हमाल रोजच्या जागी उभा होता आणि चालक रोजच्या वेगाने होता. बदलला होता तो पुढचा आस, आणि तो बदलला हे त्या दोघांना कोणी सांगितले नव्हते. मी तो खडूचा नकाशा कागदावर उतरवून बैठकीत ठेवला. पहिल्या बैठकीत मालकाच्या वकिलाने त्याकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या बैठकीला आम्ही सर्वांना गोदामात नेले, बकेटच्या कोपऱ्याला खडूची कांडी बांधली, रिकाम्या जागेत ट्रॅक्टर फिरवला आणि फरशीवर उठलेली रेघ दाखवली. चालक कामावर परत आला तो दोन महिन्यांनी, मधल्या पगारावाचून. हमालाच्या भरपाईला त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागला. वाटा मात्र मालकाने पुन्हा रुंद केल्या आणि जमिनीवर पिवळे पट्टे मारले: बकेट चालू असताना या रेघेच्या आत कोणी नाही.

आखूड वळणाच्या आसाला माझा विरोध नाही हे आता आपल्या ध्यानात आले असेल. माझा विरोध त्या हिशोबाला आहे ज्यात वाचलेली जागा सबंध मालासाठी धरली जाते. अशा ट्रॅक्टरने समजा मीटरभर जागा वाचली. तिच्यातली निम्मी तरी माणसाच्या उभे राहण्यासाठी सोडावी, एवढे मागणे फार आहे असे मला वाटत नाही. शिवाय ती वाचलेली जागाही दिसते तेवढी नसते. चाकाच्या वर्तुळात ३५ अंशांवरून ५५ वर आल्याने १ मीटर ५ सेंटिमीटर वाचतात. पण बकेटच्या बाहेरच्या कोपऱ्याला पूर्वी ५.४९ मीटर लागत होते, आता ४.६१ लागतात, म्हणजे वाचले ८८ सेंटिमीटर. आणि भिंतीला लागतो तो बकेटचा कोपरा, चाक नव्हे. विक्रेत्याने वळणाचा आकडा सांगितला की त्याला विचारा, ‘कोणाचे वळण? चाकाचे की बकेटचे? ब्रेक दाबून की न दाबता? लोडर बसवल्यावर चाक किती मुरडते?’ चौथा प्रश्न मागच्या ठोकळ्याचा.

घेण्यापूर्वी तो ट्रॅक्टर आपल्या दारात आणवावा. गोठ्यातल्या, खळ्यावरच्या, गोदामातल्या ज्या जागी तो रोज वळणार त्याच जागी, बकेट भरून, मागे ठोकळा लावून, आणि विक्रेत्याच्या चालकाऐवजी आपल्या चालकाला बसवून तो वळवून पाहावा. बकेटच्या दोन्ही कोपऱ्यांना खडू बांधायला विसरू नये. खडूच्या दोन रेघा उठल्या की तिथे काम करणाऱ्या सर्वांना, बायांनाही, बोलावून त्या दाखवाव्यात. गोठ्यात शेण काढायला बहुधा त्याच असतात, आणि ट्रॅक्टर आला की त्या कुठे उभ्या राहतात हे मालकापेक्षा त्यांनाच नीट माहीत असते.